सोळा स्क्रू

खोक्यात सगळं होतं. टेबलाची फळी होती, चार पाय होते, मागची पट्टी होती, चित्रांचा कागद होता. स्क्रू तेवढे नव्हते. कागदावर सोळा स्क्रू आणि ते पिळायची एक वाकडी चावी काढलेली. बबलूनं खोकं उलटं करून झटकलं, तर थर्माकोलचा चुरा पडला.

"हे बघ, एका अंगानं फाटलेलं हाय," तो बायकोला म्हणाला. "रस्त्यातच सांडले. त्या पार्सलवाल्याच्या तं..."

शिवकन्यानं मोबाइलात वेळ पाहिली. अडीच वाजून गेले होते. चार वाजता तिची मुलाखत होती, मोबाइलवरच. घरी बसून लोकांचे फोन घ्यायचं काम. राहायचं हसनाबादेत आणि पगार पुण्याचा! पण कंपनीनं बजावलं होतं: टेबल, खुर्ची आणि शांत जागा कॅमेऱ्यात दाखवा, नाहीतर अर्ज बाद. प्लास्टिकची खुर्ची घरात होती. टेबल मंगळवारी यायचं, ते आज शनिवारी सकाळी उगवलं. शाळेतलं मागून आणावं, तर शनिवारची सकाळची शाळा. कधीच कुलूप लागलेलं.

बबलू काय गप्प बसणार! त्यानं बारीक खिळ्यांचा डबा काढला, एक खिळा पायावर धरला आणि हाणली हातोडी. फळीचा कोपरा भसकन सुटला.

"आहो, ठोकू नका! हाय तेबी जाईल!"

"लाकूड हाय का हे? नुसता दाबलेला भुसा! मंग काय करू, तासभर हातानं धरून उभा राहू?"

शिवकन्यानं पलंगाखाली झाडू फिरवला. पिठाच्या डब्यामागं पाहिलं. पुन्हा खोकं पाहिलं. पुन्हा मोबाइल. तीन वाजायला पाच कमी. बी.ए. होऊन चार वर्षं झाली, मुलाखतीचा हा पहिलाच फोन तिच्यापर्यंत आला होता.

सासू ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. आसराबाई तिचं नाव. घरात एवढा गोंधळ चाललेला, पण म्हातारी 'काय झालं' म्हणून विचारायला तयार नाही. सून पाहत राहिली. दोन दिवसांपूर्वी हीच बाई म्हणाली होती, "घरात बसून कुठं पगार भेटत असतो का?" आणि सकाळी पार्सल आलं तेव्हा नवरा-बायको दोघं शेतात होते. मग पार्सल घेतलं कुणी?

शिवकन्या तडक अंगणापलीकडच्या शेळ्यांच्या छपरात गेली; म्हातारी आपलं सगळं तिथंच ठेवायची. फार शोधावं लागलं नाही. छपराच्या आडव्या लाकडी बल्लीला फडक्यात बांधलेली पुडी लटकत होती. आत सोळाच्या सोळा स्क्रू आणि वाकडी चावी.

"आत्याबाई, तुम्ही लपवले!" पुडी घेऊन ओट्याशी येताच तिचा आवाज फाटला. "माझं काम होऊ नये म्हणून!"

"लपवले न्हाई, उंबऱ्याभायेर ठिवले," आसराबाई म्हणाली. "शनवारी नवं लोखंड घरात घेत न्हाईत. फळ्या येऊ दिल्या की म्या. हे उद्या देणारच व्हते."

"उद्या घेऊन काय करू? मुलाखत आज हाय!"

म्हातारीचं सूप थांबलं. "आज? मला कुणी सांगितलं?"

खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं. शिवकन्यानं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं हातोडीकडं.

"माय, घेऊ दे ते घरात. शनवार-बिनवार काई नसतं," बबलू म्हणाला.

"घरात बिलकुल न्हाई!" आसराबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. "छपरात जोडा. छप्पर म्हंजी घर न्हाई. जल्दी करा, माझ्याकडं काय पाहून राह्यले?"

तिनं स्वतःच सातही शेळ्या सोडल्या आणि बें-बें नको म्हणून थेट ओढ्याकडं हाकल्या. इकडं बबलूनं लेंड्या झाडल्या, शिवकन्यानं मागं धुतलेली चादर टांगली. पहिला पाय उलटा बसला. चार स्क्रू काढले, पुन्हा पिळले. चावी पिळून पिळून तिच्या अंगठ्याला फोड आला. तीन वाजून बावन्न मिनिटांनी टेबल आपल्या पायावर उभं राहिलं. सुटलेला कोपरा त्यांनी कुडाकडं वळवला.

वीस मिनिटं बोलणं झालं. नेटवर्क घरापेक्षा छपरातच बराबर निघालं. शेवटी तिकडची बाई म्हणाली, "सोमवारपासून सुरू करा." शिवकन्या मोबाइल छातीशी धरून रडली आणि बबलूनं उगाच टेबल पुन्हा एकदा हलवून पाहिलं.

दिवस कलला तशी आसराबाई शेळ्या घेऊन परतली. तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. "लागलं ना काम? बरं झालं बाई." सुनेनं तिच्या हातात चहा दिला. सुनेला दुपारच्या बोलण्याची लाज वाटत होती, पण माफी कशी मागावी ते सुचत नव्हतं. म्हणून तिनं दुसरंच विचारलं.

"एवढा शनवार कशाला मनावर घेता, आत्याबाई?"

आसराबाईनं बशीत चहा ओतला.

"माझ्या बापानं मला शिलाई मशीन दिल्ती. शनवारी घरात आल्ती. दोन झंपर शिवून झाले न्हाई, तं गेली."

"गेली? चोरीला?"

"न्हाई. माझ्या सासऱ्यानं इकली. म्हणला, सून मशीनवर बसली तं मेंढरामागं कोण जाईल?" तिनं चहाचा घोट घेतला. "शनवारचं लोखंड, पोरी. दुसरं काय!"