चर्चा : हिरडीटोला

स्वयंपाकघरात माठावरची थाळी खणकन वाजली, आणि गप्प झाली.

अंजनानं मान वर केली. बाहेर उन्हाची काहिली. रस्त्यावरचे ट्रकही या वेळी झाडाखाली उभे राहतात. सहा वर्षांची लेक दीप्ती तिच्या मांडीला टेकून पाटीवर गिरवत होती. घरात तिसरं कोणी नव्हतं. मांजर असेल, असं म्हणून अंजना पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. तेवढ्यात फोन आला.

"मॅडम, त्यानं पुन्हा लिवलं जी!" दुर्गेश्वरी होती, देवरीच्या कॉलेजातली तिची विद्यार्थिनी. "मी लिवतो 'वस्ती उठली', तो लिवते 'वस्ती आहे'. सकाळपासून मिटवून मिटवून बोटं दुखून राहिले माहे. पाण्यातून टाइप करून राहिलं का जी भूत?"

मागं पोरी खिदळल्या. अंजनालाही हसू आलं.

वर्गातल्या प्रत्येकानं एकेका गावाचं पान विकिपीडियावर लिहायचं, हे तिनंच ठरवलं होतं. दुर्गेश्वरीनं आजीचं माहेर घेतलं, हिरडीटोला. धरण बांधलं तेव्हा तो पाण्याखाली गेला. जुन्या सरकारी पुस्तकात त्याच्याबद्दल एकच ओळ सापडली, 'वस्ती उठली'. पोरीनं ती संदर्भासकट लिहिली. तेव्हापासून कोणीतरी ती बदलत होतं.

"खोडाखोडी करायची नाही म्हणून शिकवलं होतं ना, बाई? चर्चापानावर जायचं, नीट विचारायचं. समोरचाही चांगल्या मनानं लिहितो, असं धरून चालायचं."

"भुताचं मन चांगलं असते का, मॅडम?"

"तू ठेव फोन. मी बघते."

गंमत नव्हती ती. विकिपीडिया सांभाळणाऱ्या प्रचालकांची ताकीद येऊन पडली होती. एकाच कॉलेजातून एवढ्या नावांनी लिहिणं चाललंय आणि वर हे भांडण, तेव्हा संध्याकाळपर्यंत मिटलं नाही तर पान वगळू, सगळ्यांची खातीही बंद करू. म्हणजे अख्ख्या वर्गाची उन्हाळाभराची मेहनत पाण्यात.

अंजनानं हिरडीटोल्याच्या पानाला जोडलेलं चर्चापान उघडलं. सकाळी तिनंच तिथं विचारलं होतं, 'आपण कोण? वस्ती आहे, याला संदर्भ द्यावा.' खाली तिची सही होती. त्याखाली आता उत्तर आलं होतं.

'आमी आहो ना बाई. आणखी कोणता संदर्भ पायजे?'

सही नव्हती. नुसता आकडा होता. खात्यात न शिरता लिहिलं की नावाच्या जागी घरच्या इंटरनेटचा आकडा उमटतो. नवख्यांची ही नेहमीची चूक. मागं एकदा अंजनाही खात्यात शिरायला विसरली होती, आणि तिच्या घराचा आकडा असाच जगापुढं उमटला होता. तो तिनं नंतर वर्गात फळ्यावर लिहून दाखवला होता.

तिनं समोरचा आकडा वाचला. मग एकेका अंकावर बोट ठेवून पुन्हा वाचला. तोच होता, याच घराचा.

"दीपू," ती हळूच म्हणाली, "तू कॉम्प्युटरले हात लावला होता का गं?"

"मी काऊन लावू? मले तर 'ज्ञ' बी नाही येत."

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. लोटा भरावा तेवढाच. अंजना उठली नाही. तिनं लेकीला जवळ ओढलं, तिच्या घामेजल्या केसांतून हात फिरवला, आणि दुसऱ्या हातानं पान उघडलं. 'वस्ती आहे.' एवढीच ओळ. संदर्भ नाही. ती काढायची, कारण लिहायचं, की पोरांची खाती वाचली.

"आई, काय करून राहिली?"

"एक ओळ मिटवून राहिले, बाळा."

"कायले?"

"काही लोक म्हणतात, आम्ही इथं राहतो. पण तसं कुठं लिहून नाही ना. पुस्तकात नाही, पेपरात नाही. लिहून नसलं की ठेवता येत नाही. नियमच आहे तसा."

दीप्तीनं पाटी खाली ठेवली. खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दोरीवर वाळणाऱ्या आपल्या फ्रॉककडे पाहिलं. आत थाळी पुन्हा वाजली. या खेपेला अगदी हलकी, लेकरू निजलेलं पाहून कोणी जपून ठेवावी तशी.

"मंग आई," दीप्तीनं विचारलं, "आपण इथं राहतो, ते कुठं लिवून आहे?"