पसारा आवरला की

"अहो, माळ्यावर पाणी गळतंय, ते बंद करा," म्हटलं की आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं. "वॉटरप्रूफिंगचं सिमेंट आणलंय, माळ्यावरच कुठेतरी आहे. पसारा आवरला की सापडेल." मग पसारा आवरा म्हटलं की, "आधी गळती तर थांबू दे!"

काल ते पाणी थेट हॉलभर पसरलं. साहेबांनी पाय सोफ्यावर घेतले आणि टीव्ही चालूच ठेवला. माझं डोकंच फिरलं. शिडी लावली आणि तुटके पंखे, मुका रेडिओ, कुजलेले खोके धडाधड खाली फेकले. सगळ्यात तळाशी सिमेंटची पिशवी निघाली, भिजून धोंडा झालेली. ती ह्यांच्यासमोर आदळली.



तर हे म्हणतात कसे, "बघ! मी सांगत नव्हतो, माळ्यावरच आहे म्हणून?"