हळू बोला

कानाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तापात कान गेले, तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ वाचूनच संसार करत होती.

"यंत्र बसलं की सुरुवातीला सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटतील," तपासणीच्या खोलीतल्या बाई सावकाश म्हणाल्या.

"चालेल. यांचा आधीपासून तसाच आहे. कवायतीचे मास्तर ना. घरात पाणी मागितलं तरी पोरं रांगेत उभी राहायची."

नवऱ्याने हसून उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"अहो, हळू बोला, दवाखाना आहे," ती सवयीने म्हणाली.

नंतरच्या सरावाला घरच्या माणसाचा आवाज लागतो, म्हणून बाईंनी त्याच्यापुढे माइक ठेवला, स्वतःच्या कानांवर हेडफोन चढवले आणि वाचायला दहा वाक्यं दिली. तो वाचू लागला. दार लावून घे. चहा झाला का. तिला ओठांवरून शब्दन् शब्द कळत होता, पण पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ सरळच होती. बाईंनी माइक बघायला खुर्ची सरकवली, तशी रेघ टुणकन उडाली. तो पुन्हा वाचू लागला आणि रेघ पुन्हा आडवी झाली.

तिने रेघेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. घशातली नस गेली," त्याचे ओठ म्हणाले. "सांगणार होतो. पण तू दिवसातून दहादा 'हळू बोला' म्हणायचीस. तेवढ्यापुरता मला आवाज असायचा गं."