अळणी सुपाची वाहवा

"अळणी अन्नाची वाहवा करणारा नवरा पोटात काहीतरी दडवून असतो गं," तिची आई कधीतरी भांडी विसळता विसळता तिला म्हणाली होती.

टोमॅटो हृदयाला चांगला, मीठ मात्र वाईट, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती रोज बिनमिठाचं टोमॅटोचं सूप करायची. शाळेची बस चालवणारा तिचा नवरा रोज नाक मुरडायचा, "टोमॅटोला आंघोळ घातलेलं पाणी का हे?"

आज मात्र त्याने दोन वाट्या चाटूनपुसून संपवल्या.

"अमृत झालंय! अजून वाढ."

तिला आईचं बोलणं आठवलं. "अहो, झालंय काय तुम्हाला?"

"कुठे काय? टोमॅटोने काळीज बळकट होतं ना? मग वाढ की!"

तो बसची किल्ली घ्यायला वळला, तर ती तिने आधीच मुठीत घट्ट धरलेली.

"दे इकडे. पोरं ताटकळली असतील."

"आधी बोला."

तो खाली बसला.

"नोकरी जाईल म्हणून गप्प होतो गं. काल पुलावर छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधार झाला. आणि मागे सगळी पोरं गाणी म्हणत होती."