शेषेरावची पोटरी

केवळाबाईनं पिलाच्या गळ्यातली दोरी सोडली, पलीकडं नांगरट बघत उभ्या असलेल्या शेषेरावकडं बोट केलं आन् म्हणाली, "छू!"

ह्या एका शब्दासाठी बाईनं दीड महिना काढला होता. शेषेराव तिचा चुलत दीर. दोघांच्या वावरामधला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, तो दरसाली नांगरताना जरा जरा कोरायचा. असं करत करत बाईचं दोन हात रान त्यानं गिळलं. बोलायला जावं तर, वैनी, तुम्हाला आता चष्मा लागला, म्हणून दात काढायचा. मोजणी आणायची तर हेलपाटे कोण घालणार? नवरा गेलेला, लेक लातूरला नोकरीला. मग बाईनं ठरवलं, ह्याची पोटरी फाडील असं कुत्रं पाळायचं.

पण कुत्रं पाळायचं म्हणजे आधी पिलू पाळायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईपासून तोडलेलं महिन्याचं पिलू ते. रात रात कुईकुई करायचं. एवढं मोठं अंगण सोडून मुतायचं ते बरोबर देवळीखाली. चपला, केरसुणी, मोबाईलची वायर, काही म्हणून सोडलं नाही. दुधात भाकरी कुस्करून दिली तर अर्धी खायचं आन् उरलेल्या अर्धीत बसायचं. बाईच्या हातावर ओरखड्यांना जागा उरली नाही. तव्यावर भाकरी टाकून ती बसल्या जागी डुलक्या घ्यायची आन् भाकरी करपायची. शेजारची ऋतुजा म्हणाली, ह्या वयात हे खूळ कशाला मावशी, द्या सोडून. बाईनं ऐकलं नाही. पिलाचा दात बोटात घुसला की उलट तिला बरं वाटायचं. चाव, म्हणायची, नीट शिकून घे.

एक गोष्ट तिनं फार डोकं लावून केली होती. शेषेराव बाभळीवर त्याची घामट दस्ती विसरून गेला होता, ती तिनं गुपचूप घरी आणली. रोज ते फडकं पिलाच्या नाकाला लावायची आन् सांगायची, ह्या वासाचा माणूस दिसला की तोडायचा. पिलू दस्ती तोंडात धरून कोपऱ्यात न्यायचं आन् तिच्यावरच निजायचं. काढून घेतली की रडून घर डोक्यावर घ्यायचं. निजू दे मेल्याला, बाई म्हणायची, वास तर डोक्यात बसून राहिला.

तर आज पिलू सुटलं. ढेकळांवरून गडबडत, पडत, उठत शेषेरावपाशी पोचलं. पोटरी हुंगली. बाई टाचा उंचावून बघायला लागली.

पिलू उताणं झालं. चारी पाय वर करून लोळलं, आनंदानं तिथंच मुतलं, मग शेषेरावच्या पायावर हनुवटी ठेवून त्यानं डोळे मिटले.

शेषेराव आधी दचकला, मग फुगला. "वैनी, हे तर मला वळखून राहिलं," तो म्हणाला. "मुक्या जनावराला माणूस कळतो."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड महिना मला फाडून खाल्लं आन् ह्या चोराचे पाय चाटून राहिलं! तिला रडूच यायला लागलं. पण शेषेरावनं पिलाला उचलून छातीशी धरलं. फुकटचं काही हाती लागलं की त्याचं तोंड उजळायचं, तसं ते उजळलं. ते बघून बाईचं रडू जागीच थांबलं.

"तुमचंच हाय समजा, भावजी," ती गोड आवाजात म्हणाली. "घेऊन जा."

पिलू काय काय करतं हे त्यानं विचारलं नाही, बाईनंही सांगितलं नाही. घरी येऊन ती भर दुपारी चार तास गाढ झोपली.

पाचव्या दिवशी सकाळी शेषेराव तिच्या दारात उभा. डोळे लाल, काखेत पिलू, हातात नव्या चपलेचा उरलेला अंगठा. चप्पल गेली, चार्जर गेला, बायकोचं लुगडं गेलं, सोयाबीनच्या बियाण्याची थैली फाडून तिच्यात मुतलं, असं त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोनदा ओढ्यापलीकडं सोडून आला, तर वास काढत माघारी आलं. आता तर बायको सोडूही देईना. ती म्हणते, आपण होऊन पायाशी आलं म्हणजे हे माळेगावच्या खंडोबाचं कुत्रं. वैनीचा धुरा खाल्ला म्हणून देवानं पाठवलं. वैनीनं आपल्या हातानं माघारी घेतलं तरच सुटका.

बाई दस्तीबद्दल अवाक्षर बोलली नाही.

"देवाच्या मधात मी कशी पडू, भावजी?" ती म्हणाली. "आधी धुरा."

उद्या ट्रॅक्टर लावून करतो, तो म्हणाला. बाई म्हणाली, आज, आन् हातानं.

वैशाखाचं ऊन चढलं तसा शेषेराव घामानं निथळला. दोन हात मागं, जुन्या जागेवर, तो फावड्यानं माती ओढायचा, पायानं दाबायचा, पुढं सरकायचा. त्याच्या मागं पिलू. त्यानं दाबलेली माती पुढच्या दोन्ही पायांनी भसाभसा उकरायचं. हाकललं की त्याला खेळ वाटायचा, ते दुप्पट जोरानं उकरायचं. तिसऱ्यांदा तीच जागा भरताना शेषेराव कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. बाभळीच्या सावलीत केवळाबाई पाय पसरून बसली होती.

"वैनी, त्याला जरा हाक तरी मारा की."

बाई तांब्यातलं पाणी सावकाश प्याली. पदरानं तोंड पुसलं.

"खेळू द्या की, भावजी," ती म्हणाली. "लेकरू हाय."