स्पेलिंगची चूक

कंप्युटरला जोडलेली ब्रेलची पट्टी उठेना. आईने तिसऱ्यांदा बोटं फिरवली. एरवी टिंबं टचटच वर यायची आणि तिच्या बोटांखाली अक्षरं धावायची. आज सगळं सपाट.

"मैत्रेयी, काय केलंस गं हिला?"

मैत्रेयीने केलं होतंच. सकाळीच तिने आपलं नवं कर्नेल आईच्या कंप्युटरवर चढवलं होतं. हे कर्नेल म्हणजे कंप्युटरचा गाभा. पण दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरांत समोरच्या सरलाताईंची अजून समजूत होती, की पोरगी कुठल्याशा कर्नलसाहेबांकडे नोकरीला आहे. समजावून समजावून मैत्रेयी थकली होती.

तर या गाभ्यात यूएसबीला जोडायच्या हजारो वस्तूंसाठी छोटे छोटे प्रोग्राम असतात. वस्तूशी कसं बोलायचं, ते त्यांना ठाऊक. वीस-पंचवीस वर्षांत जगभरच्या लोकांनी ते लिहिले आणि बरेचसे एकाच फोल्डरात कोंबून ठेवले. नुसता माळा झाला होता! मैत्रेयीने चार महिने खपून तो आवरला. प्रिंटर इकडे, कॅमेरे तिकडे, पेनड्राइव्ह तिसरीकडे. संध्याकाळी सहापर्यंत तिला ते पाठवायचं होतं. एकदा ते मंजूर झालं की जगभरच्या कंप्युटरांत जाणार. आणि त्याबरोबर आईच्या पट्टीसारख्या जेवढ्या पट्ट्या कुठे कुठे उरल्या असतील, तेवढ्या सगळ्या मुक्या होणार.

आई जन्मापासून अंध. मिनिस्ट्रीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने उमेदीची वर्षं काढली. ही ब्रेलची पट्टी तिची वहीही आणि चष्माही. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. दुसरी मिळायची नाही.

मैत्रेयीने पट्टीची फाइल उघडली. इथे तिने काय बदललं होतं? फार नाही. कुणीतरी अकरा ठिकाणी ‘थम्ब’ लिहिलं होतं, तेही चुकीचं: टी, एच, ए, एम, बी. अंगठ्याला ‘ए’ कुठून आला? परदेशात पेनड्राइव्हला थम्ब ड्राइव्ह म्हणतात. म्हणजे पेनड्राइव्हच्या ओळी चुकून ब्रेलमध्ये घुसल्या, असा हिशेब करून तिने ‘ए’चा ‘यू’ केला आणि अकराही ओळी पेनड्राइव्हच्या कप्प्यात नेऊन ठेवल्या. वरिष्ठ खूश झाले होते. म्हणाले, "बिल्कुल साफ!" लिहिणाऱ्याचं स्पेलिंग किती कच्चं, म्हणून ती चारचौघांत हसलीही होती.

मग बिघडलं कुठे? तिने कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पट्टीची वायर काढली, घातली. पुन्हा काढली. घड्याळात साडेचार.

आईने तिचं मनगट धरलं. "थांब. अगं, थांब जरा! तिची टिंबं उठायला वेळ लागतो. तू एकामागून एक हुकूम सोडतेस, ती बिचारी उठणार कधी?"

थांब.

मैत्रेयीने स्क्रीनकडे पाहिलं. टी, एच, ए, एम, बी.

"अगं बाई!" ती जवळजवळ ओरडलीच.

ते स्पेलिंग चुकलेलं नव्हतंच. ते इंग्रजीच नव्हतं. प्रत्येक ओळीनंतर कुणीतरी यंत्राला सांगत होतं, थांब. टिंबं उठू देत. मग पुढचं पाठव. कोट्यवधी ओळींच्या त्या पसाऱ्यात, जिथे कुणी कुणाची भाषा विचारत नाही, तिथे आपल्या घरातला शब्द वीस-बावीस वर्षं गुपचूप आपलं काम करत होता. आणि ती त्याला अडाणी म्हणून हसली होती. तिला लाज वाटली.

तिने अकराही ओळी जिथल्या तिथे आणून ठेवल्या. ‘यू’चा पुन्हा ‘ए’ केला. कंप्युटर चालू झाला. पट्टीने क्षणभर दम घेतला आणि टिंबं टचटच वर आली. आईची बोटं धावायला लागली.

"आई, हा कुणीतरी मराठी माणूस होता गं! केवढं डोकं! आणि नावसुद्धा धड लिहिलं नाही यार. वर नुसतं ‘ऑपरेटर एकतीस’."

आईची बोटं थबकली.

"ठेवलंय होय त्यांनी ते अजून?"

"काय ठेवलंय?"

"एकतीस नंबरची सीट माझी. नवी पट्टी आली, तेव्हा ती चालवणारं काहीच मिळेना. मग लोकांना मेल करून करून प्रोग्राम लिहायला शिकले. कंप्युटर वाचून दाखवायचा, मी ऐकून लिहायचे. मला वाटलं, नंतर कुणी शहाण्याने खोडून नवं लिहिलं असेल. कशाला सांगत बसू?"

मैत्रेयी आईच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांची भाजी, वेणी, इस्त्री तिला पाठ होती. हे ठाऊक नव्हतं.

"पण... थांब का लिहिलंस?"

आई हसली.

"एक्सचेंजमध्ये दिवसभर ‘होल्ड कीजिए’. घरी हे लिहायला बसले की तू मांडीवर भोकाड पसरायचीस. तुला म्हणत होते, तेच तिथे लिहिलं गेलं. तू काही थांबली नाहीस. ते बिचारं अजून थांबतंय."