अण्णांच्या जागी फुलदाणी

कागदासारखा पातळ टीव्ही वृंदाने स्वतःच हॉलच्या भिंतीवर चिकटवला. बंद असला की तो भिंतीसारखाच दिसे. व्हिडिओ फोन आला की तो पलीकडच्यांना हॉल सजवून दाखवी. न हलणाऱ्या, न शोभणाऱ्या वस्तूंच्या जागी छान काहीतरी मांडी.

रविवारी हॉस्टेलवरून ऊर्वीचा फोन आला. लकवा झालेले अण्णा सकाळपासून खुर्चीत वाट पाहत होते. नातीने पावकीचा पाढा म्हणायचा आणि बरोबर आला की त्यांनी डोळे मिटायचे, असं ठरलं होतं.

"आई, आजोबा कुठेत?"

"हे काय, खुर्चीत!"

"तिथे तर फुलदाणी आहे. कसली भारी आहे गं!"

वृंदाने सासऱ्यांचा हात धरून हलवला. "आजोबा!" ऊर्वी ओरडली. हात सोडला, तशी पुन्हा फुलदाणी आली.

वृंदाने सजावट बंद केली. औषधांच्या बाटल्या, दोरीवरचे कपडे, लघवीचं भांडं, सगळंच पलीकडे दिसू लागलं.

"ई, आई! माझ्या मैत्रिणी बघतायत!"

वृंदाने घाईघाईने सजावट चालू केली. ऊर्वीने फुलदाणीकडे बघत पावकी म्हटली. मध्ये ती एकदा चुकली. अण्णांनी डोळे टक्क उघडे ठेवले, पण तिला ते दिसणार कसे? ती पुढे म्हणत गेली.

पुढच्या रविवारी वृंदाने अण्णांना आतल्या खोलीतून बाहेर आणलंच नाही. हॉलमध्ये नुसती खुर्ची होती. पलीकडे फुलदाणी दिसली आणि ऊर्वीने तिला सबंध पावकी म्हणून दाखवली.